केडगावचा छापखाना

२४ जुलै १९२१ रोजी पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार आईनंतर तीच पाहणार, असं सगळे धरून चालले होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ऐकू कमी येण्याचा त्रास फार जुना होता आणि आता प्रकृतीही साथ देत नव्हती.

त्या वेळी मिशनच्या छापखान्यात एक मोठं काम अपुरं होतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर तिथे छापलं जात होतं. मुलगी गेल्यानंतरचे जवळपास साडेआठ महिने रमाबाई या कामाला लागून राहिल्या. शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत थोडे दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असं सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ बाहेर आला तो १९२४ मध्ये. तो हातात घ्यायला ना आई होती ना मुलगी.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही ‘विश्वासात टिकून राहा’ हे वाक्य नवं नाही. लग्नात, अंत्यविधीत, नोकरीसाठी गाव सोडताना पाळक हेच सांगतात. पण टिकून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ असतो दुःखातही मन शांत ठेवणं, शंका न घेणं, आणि आनंदात देवाचे आभार मानणं. म्हणजे विश्वास ही मनाची एक अवस्था आहे आणि ती ऋतू बदलला तरी बदलू द्यायची नाही. या अर्थाने पाहिलं तर रमाबाई नापास होतील. त्यांचं मन शांत नव्हतं, शंका त्यांनी आयुष्यभर घेतल्या आणि बाप्तिस्मा देणाऱ्यांशीही त्या भांडल्या. तरीही १८८३ ते १९२२ अशी एकोणचाळीस वर्षं त्या टिकल्या. कशाच्या बळावर, हा या लेखाचा प्रश्न आहे.

खराडीत राहणाऱ्याला ही गोष्ट फार लांबची नाही. मुंढव्याचा पूल ओलांडून हडपसरला गेलं की सोलापूर रस्ता लागतो आणि त्या रस्त्याने चौफुल्यापर्यंत गेलं की केडगाव जवळच आहे. हे केडगाव दौंड तालुक्यातलं, नगरजवळचं नव्हे. खराडीतून सगळं अंतर साठेक किलोमीटर. आमच्या आयटी पार्कांमधून कामासाठी आलेली अनेक ख्रिस्ती मुलं-मुली रविवारी कुठल्या ना कुठल्या प्रार्थनासभेला जातात. गिटार, प्रोजेक्टर, इंग्रजी किंवा हिंदी गाणी. त्या दोन तासांत मन भरून येतं, आणि सोमवारी स्टँडअपला बसलं की ते कुठे गेलं कळत नाही. मग प्रश्न पडतो, आपला विश्वास खरा होता की गाण्याचा परिणाम होता? रमाबाईंचं चरित्र या प्रश्नाच्या अंगाने वाचलं तर वेगळं दिसतं.

भुकेने मोडलेली श्रद्धा

रमाबाईंना श्रद्धा मोडते म्हणजे काय होतं, हे विशीच्या आतच कळलं होतं. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी शास्त्रीमंडळींचा विरोध सहन केला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थयात्रा करत हिंडू लागलं. लोक देतील त्यावर गुजराण, आणि त्यातूनही दानधर्म. शरीरकष्टाचं काम करायचं नाही, देव पाहून घेईल, अशी शिकवण.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात देवाने पाहून घेतलं नाही. पैसे संपले, भांडी विकली गेली. एका रानात अकरा दिवस त्यांनी झाडपाला, पाणी आणि थोडी रानखजुरं यावर काढले, असं रमाबाईंनी नंतर लिहिलं आहे. १८७४ मध्ये आधी वडील गेले, मग आई, आणि काही महिन्यांनी मोठी बहीण. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, उपासतापास आणि व्रतं करत पायी देशभर फिरली. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं, तरी सांगितलेलं फळ मिळालं नाही. हळूहळू दोघांचाही विश्वास उडाला.

१८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात तिला पहिल्यांदा बायबल मिळालं, तेही संस्कृतात. तिने ते वाचायचा प्रयत्न केला आणि बाजूला ठेवलं. तिला ठाऊक असलेल्या संस्कृतापेक्षा ती भाषा इतकी वेगळी होती की तिच्यात वेळ घालवणं तिला व्यर्थ वाटलं. ज्या बाईने पुढे बायबलच्या भाषांतरात आयुष्याची शेवटची वर्षं घालवली, तिची त्या ग्रंथाशी पहिली भेट अशी फसलेली होती. आणि फसली होती ती भाषेमुळे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. सिलचरच्या घरात तिच्या हाती लूकचं शुभवर्तमान लागलं, बंगालीतलं. हे मात्र तिला वाचता आलं. एका मिशनऱ्याकडून तिने अधिक समजून घेतलं, पण नवऱ्याला ते आवडलं नाही. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि मागे आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांच्या मृत्यूंची रांग. या अवस्थेत रमाबाई पुण्याला आल्या.

दीक्षेनंतरचं भांडण

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ख्रिस्ताकडे ओढणारी गोष्ट कोणती, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. मठाच्या जोगिणी लंडनमध्ये ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालवत. आपल्याकडे अशा बाईला कुणी दारात उभं करत नाही आणि इथे तिला हाताला धरून बसवतात, असं का, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल जोगिणींनी त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. इथे त्यांना पटलं.

पण पटलं म्हणून सगळंच पटलं नाही. बाप्तिस्म्यानंतरची दोन-तीन वर्षं सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात झालेला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात रमाबाई त्रैक्याचा सिद्धांत तपासून पाहतात, चर्चच्या अधिकाराला आव्हान देतात, विवेकबुद्धी कुणाच्या हाती सोपवणार नाही असं बजावतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असंही विचारतात. त्यांनी शाकाहार सोडला नाही. मनोरमेने काय शिकावं हे मीच ठरवणार, असं त्यांचं म्हणणं. जोगिणींना हा गर्व वाटला.

त्याच काळात महाराष्ट्रातून उलट दिशेने टीका होत होती. पंडिता बाटली, असा सूर. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. म्हणजे एका बाजूला धर्म सोडला म्हणून दोष, आणि दुसऱ्या बाजूला नवा धर्म नीट मानत नाही म्हणून दोष. शंका घेतली की विश्वास डळमळतो, असं आपल्याकडे मानतात. रमाबाईंचं गणित निराळं होतं. न तपासता मानलेली श्रद्धा काय करते, हे त्यांनी दुष्काळात पाहिलं होतं. दुसऱ्यांदा त्या तपासल्याशिवाय काही स्वीकारणार नव्हत्या.

चांगले दिवस

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळपास तीन वर्षं राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि गाजलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही विधवा पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. १८९० मध्ये संस्था पुण्याला आली. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असं ठरलेलं होतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी काळ वाटेल. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या मात्र वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमाराला, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. ही पोकळी त्यांना दुःखाच्या काळात दिसली नव्हती. ती दिसली पैसा, मान, मित्र आणि काम हे सगळं जुळून आलेलं असताना.

सुखाच्या काळातली ही अडचण आपल्या ओळखीची असायला हवी. दुःखात माणूस निदान ओरडतो तरी. सुखात प्रार्थना सवयीची होते आणि तिच्यातून माणूस कधी निघून गेला, हे त्याचं त्यालाच कळत नाही. रमाबाईंना ते कळलं, आणि त्यानंतर त्यांचा विश्वास अधिक उघड झाला. त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. काही मुली येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने रान उठवलं, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. ते त्यांनी लावलं नाही.

दोन हजार पोटं

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं रान रमाबाईंना आठवलं असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. संस्थेच्या उत्पन्नासाठी केडगावला जमीन आधीच घेतलेली होती. तिथे झोपड्या आणि तंबू उभे राहिले. हीच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

वडिलांच्या श्रद्धेत शरीरकष्टाला जागा नव्हती. मुक्तीत प्रत्येकीला काम होतं. विहिरी खणल्या, शेती आणि बाग केली, गाई पाळल्या, तेलाचा घाणा आणि माग चालवले, शिवण, स्वयंपाक आणि छपाई शिकवली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याचं काम मनोरमेने केलं. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. लंडनच्या आश्रमात पाहिलेली गोष्ट केडगावात उभी राहिली.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनची तटस्थता इथे नव्हती. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या घराचा धर्म तिने स्वीकारला, तर त्यात तिची निवड किती? टीकाकारांनी हे तेव्हाही विचारलं, आजही विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ज्या बाईने वाँटेजमध्ये स्वतःच्या विवेकबुद्धीसाठी इतकं भांडण केलं, तिच्या संस्थेत हजारो मुलींना तेवढंच भांडता येत होतं का? ज्ञान, वय आणि आसरा या तिन्ही बाबतींत रमाबाई आणि त्या मुली यांच्यात फार अंतर होतं. एवढं मात्र खरं की त्या मुलींसाठी दुसरं कुठलं दार उघडं नव्हतं, आणि त्यांना लिहिता-वाचता यावं, हातात धंदा असावा, यावर रमाबाईंचा भर होता. वाचायला शिकलेली बाई पुढे काय मानते, हे कुणाच्याच हातात राहत नाही.

१९०५ ची लाट

वेल्समधल्या आत्मिक जागृतीच्या बातम्या वाचून रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी मुक्तीत रोजच्या प्रार्थनेचा एक गट सुरू केला. सत्तर जणींचा गट काही महिन्यांत साडेपाचशेवर गेला. जूनअखेर लाट आली. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, हसू-गाऊ लागल्या. एकाच वेळी शेकडो आवाज. पाहणाऱ्यांपैकी काहींना हा पवित्र आत्म्याचा वर्षाव वाटला, काहींना वेडाचार. आज जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात केडगावचं नाव येतं ते या घटनेमुळे.

रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. इंग्रजी शिस्तीच्या उपासनेपेक्षा हे त्यांच्या मुलींना जवळचं वाटतंय, हे त्यांना दिसत होतं. पण त्या स्वतः लाटेवर बसून राहिल्या नाहीत. याच वर्षांत, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. एका बाजूला शेकडो मुलींचा जल्लोष, दुसऱ्या बाजूला व्याकरण आणि शब्दकोश. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. लाट ओसरणार, हे त्यांना कळत असावं. ओसरल्यावर या मुलींच्या हातात काय राहील? वाचता येईल असं पुस्तक राहिलं, तर ते राहील.

मराठी बायबल तेव्हा होतंच. पण त्याची भाषा रमाबाईंना संस्कृताळलेली वाटे. काही शब्द हिंदू तत्त्वज्ञानातले अर्थ बरोबर घेऊन येतात आणि खेड्यातल्या बाईला ते कळतही नाहीत, असं त्यांचं मत होतं. कलकत्त्यात संस्कृत बायबल बाजूला ठेवणारी पंडिता आता आपली सगळी पंडिताई बाजूला ठेवून साधी मराठी लिहीत होती. हे सोपं नव्हतं. संस्कृत शब्द त्यांच्या जिभेवर आयता येत असणार, आणि प्रत्येक वेळी तो टाळून मूळ शब्दाला धरून राहणारा साधा शब्द शोधायचा. मूळाला इतकं चिकटून राहिल्यामुळे त्यांची वाक्यं पुष्कळदा खडबडीत झाली आहेत. मराठी मंडळ्यांमध्ये त्यांचं भाषांतर सर्वत्र रूढही झालं नाही. पण खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं, त्या बायकांनी, ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती.

नगर रस्त्यावरची दुसरी गोष्ट

खराडीतून सोलापूर रस्त्याऐवजी नगर रस्ता धरला की आणखी एक घर आठवतं. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या, तरी सोवळं लगेच सुटलं नाही. आतून पटल्यावरच, १९०० मध्ये राहुरीला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडून वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि त्याचा बराच मोठा भाग स्वतः रचून पूर्ण केला. त्याच सुमाराला त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. त्यातलं दुःख आणि थट्टा एकाच ओळीत कशी राहतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

दोघींचे स्वभाव अगदी वेगळे. रमाबाई शास्त्रार्थ करणाऱ्या, लक्ष्मीबाई हसून सोडून देणाऱ्या. एकीने धर्म वाद घालून स्वीकारला, दुसरीने घरातल्या घरात, चूल आणि पाणवठा बदलत बदलत. पण सर्वांत मोठ्या वियोगानंतर दोघींनी जे केलं ते सारखंच आहे. टेबलावर अर्धं राहिलेलं काम त्यांनी पुढे ओढलं.

याचा अर्थ कामात गुंतून दुःख विसरा, असा घेऊ नये. कामात गुंतून दुःख विसरणं आम्हा आयटीवाल्यांना चांगलं जमतं आणि त्याचा विश्वासाशी संबंध नसतो. फरक कामाच्या जातीत आहे. प्रुफं तपासायला बसलेल्या रमाबाईंसमोर रोज तोच मजकूर होता, ज्याच्याशी त्यांनी चाळीस वर्षं वाद घातला होता. मुलगी गेलेल्या आईला त्यात ईयोबाची तक्रार वाचावी लागत होती, स्तोत्रांमधला आक्रोश वाचावा लागत होता, आणि एकेका शब्दावर थांबावं लागत होतं. तिथून पळवाट नव्हती. त्या मजकुरात त्यांना त्या दिवशी काय वाटलं, हे आपल्याला ठाऊक नाही. पण पान पुढे गेलं.

विश्वास टिकवणं म्हणजे मनाची एक अवस्था धरून ठेवणं असेल, तर तो टिकणं जवळपास अशक्य आहे, कारण मन धरून ठेवता येत नाही. रमाबाईंच्या मनाने दुष्काळात रिकामेपण पाहिलं, वाँटेजमध्ये राग पाहिला, यशात पोकळी पाहिली, १९०५ मध्ये आनंद पाहिला आणि १९२१ मध्ये जे पाहिलं त्याला नाव देणं अवघड आहे. या सगळ्यांत एक धागा मात्र अखंड दिसतो. शोमरोनी बाईची गोष्ट पटली, त्या दिवसापासून ती गोष्ट दुसऱ्या बाईपर्यंत पोचवायची, तिला कळेल अशा भाषेत आणि तिच्या पोटात अन्न घालून. मन भरलेलं असो की रिकामं, त्या दिवशी करायचं काम ठरलेलं होतं.

केडगावची संस्था आजही चालू आहे. तिथे बायका आणि मुलं राहतात, शिकतात. खराडीत रविवारच्या सभेतून बाहेर पडणाऱ्या कुणाला सोमवारी मन कोरडं पडल्याची काळजी वाटत असेल, तर त्याने एकदा सोलापूर रस्ता धरावा. लाटेच्या जागेपेक्षा छापखान्याची चौकशी आधी करावी.